ओसरीवरून : मोठा संघ कोणता?

गेल्या महिन्यांत एका शनिवारीं रात्रीं आमच्या बोरिवलीच्या घरांत चांगलेंच भांडण जुंपलें. एकत्र कुटुंबांत भांडणास विषयांची वाण कधींच पडत नाहीं. न्हाणीघराच्या पाळीपासून विजेच्या बिलापर्यंत ते हात जोडून उभे असतात. परंतु त्या रात्रींचा विषय सातां समुद्रांपलीकडून आला होता. माझ्या दोघां पुतण्यांपैकीं थोरला इंग्लंडांतील मँचेस्टर युनायटेड या फुटबॉल-संघाचा भक्त आणि धाकटा त्याच शहरांतील मँचेस्टर सिटीचा. मँचेस्टर शहर दोघांनींहि दूरदर्शनसंचाच्या कांचेपलीकडे पाहिलेलें नाहीं; पण अभिमानाला प्रत्यक्ष भेट लागतेच असें थोडेंच आहे?

"तुझा सिटी म्हणजे विकत आणलेला मोठेपणा," थोरला म्हणाला.

"आणि तुझा युनायटेड म्हणजे पूर्वजांच्या पुण्याईवर चाललेली उधारी," धाकट्यानें उत्तर केलें.

आवाज चढूं लागले, तेव्हां दोघेहि माझ्याकडे वळले. "काका, तुम्हीच सांगा. मोठा क्लब कोणता?"

निवाडा देण्यापूर्वीं दप्तर चाळावें हा आमच्या घराण्याचा जुना रिवाज. तेव्हां मीं आठ दिवसांची मुदत मागून घेतली आणि जुन्या लीगच्या नोंदी, निकाल व इतिहास वाचावयास बसलों. जें हातीं लागलें तें आज वाचकांपुढें ठेवीत आहें. ज्यांना फुटबॉलमध्यें गोडी नाहीं, त्यांनींहि पान उलटूं नये अशी विनंती आहे. कारण मोठेपणा कशानें येतो आणि कशानें टिकतो, हा प्रश्न घराण्यांना, शाळांना आणि वाचनालयांनाहि तितकाच लागू आहे.

इंग्लंडांतील फुटबॉल-लीग १८८८ सालीं स्थापन झाली. तींत बारा संघ होते आणि त्यांत लंडनचा एकहि नव्हता, हें वाचून माझे पुतणे चकित झाले. सारे संघ लँकेशायरच्या व मध्य इंग्लंडच्या कारखानी गांवांतले. शनिवारीं अर्ध्या दिवसाची सुट्टी मजुरांच्या पदरांत पडली होती; दुपारीं भोंगा झाला कीं गिरणीच्या दारांतून निघालेला लोंढा सरळ मैदानाकडे वळे. त्या पहिल्या वर्षीं विजेता ठरला तो प्रेस्टन या कापडगिरण्यांच्या गांवचा संघ, प्रेस्टन नॉर्थ एंड. लीगचा एकहि सामना त्यानें गमावला नाहीं, आणि चषकाच्या सामन्यांत तर एकहि गोल अंगावर घेतला नाहीं. दुसऱ्या वर्षींहि पहिला क्रमांक त्याचाच. १८९० सालीं कोणी "मोठा क्लब कोणता?" असें विचारलें असतें, तर लहान पोरानेंहि प्रेस्टनचें नांव घेतलें असतें. त्यानंतर आजतागायत प्रेस्टनला लीगचें विजेतेपद पुन्हा लाभलेलें नाहीं.

पुढें दुसरा काळ आला, तो चतुर व्यवस्थापकांचा. हडर्सफील्ड हें लोकरीच्या गिरण्यांचें गांव. तेथील संघानें १९२४, १९२५ आणि १९२६ अशीं ओळीनें तीन वर्षें लीग जिंकली. पहिलीं दोन विजेतेपदें मिळवून देणारे हर्बर्ट चॅपमन १९२५ सालीं लंडनच्या आर्सेनल संघाकडे गेले, आणि १९३० नंतरच्या दशकांत मोठेपणहि त्यांच्यामागोमाग लंडनला गेलें. मैदानाजवळच्या भुयारी रेल्वेच्या स्थानकाला १९३२ सालीं आर्सेनलचें नांव देण्यांत आलें. स्थानकाला गांवाचें नांव मिळतें, देवाचें मिळतें. खेळाच्या संघाचें मिळणें हा सन्मान कांहीं निराळाच म्हटला पाहिजे. हडर्सफील्डला मात्र लीगच्या विजेतेपदाचें दर्शन पुन्हा झालें नाहीं.

तिसरा पालट घडवून आणला तो पैशाच्या एका नियमानें. १९६१ सालापर्यंत खेळाडूच्या वेतनाला कमाल मर्यादा होती. अखेरीस ती आठवड्यास वीस पौंड होती. वेतन सगळीकडे सारखेंच, मग गांव कशाला सोडा? म्हणूनच टॉम फिनीसारखा अव्वल खेळाडू आपली सारी कारकीर्द प्रेस्टनमध्येंच खेळला, आणि खेळाबरोबर नळजोडणीचा धंदाहि करीत राहिला. ती मर्यादा उठली आणि गुणवान खेळाडू मोठ्या शहरांकडे ओढले जाऊं लागले. पुढें १९९२ सालीं प्रीमियर लीग निघाली. दूरचित्रवाणीचा पैसा आला, आणि बोरिवलीच्या दिवाणखान्यांत बसलेला मुलगा मँचेस्टरचा प्रेक्षक झाला. त्यापाठोपाठ धनाढ्य मालकांचा काळ आला. ब्लॅकबर्न या जुन्या गिरणगांवाला जॅक वॉकर या पोलादाच्या व्यापाऱ्यानें आपल्या संपत्तीच्या बळावर १९९५ सालीं विजेतेपद मिळवून दिलें. चेल्सी २००३ सालीं एका रशियन धनिकानें घेतला आणि मँचेस्टर सिटी २००८ सालीं अबू धाबीच्या राजघराण्यांतील गृहस्थांनीं.

म्हणजे प्रत्येक काळाचें माप निराळें ठरलें. कधीं गिरणीचा भोंगा, कधीं व्यवस्थापकाची बुद्धि, कधीं शहराचा आकार, कधीं मालकाची तिजोरी. माप बदललें कीं कालचा मोठा आज लहान होई. मग या सर्व मापांना पुरून उरणारें असें कांहीं आहे कीं नाहीं? येथें माझें वाचन अडलें.

वाट दाखविली ती मातोश्रींनीं. त्यांना फुटबॉल किती जण खेळतात हेंहि ठाऊक नाहीं. परंतु मी दोघां मुलांना हा इतिहास सांगत असतां त्या शेजारीं वाती वळीत बसल्या होत्या. सर्व ऐकून घेऊन त्या म्हणाल्या, "अरे, जिंकलेल्याच्या दारीं गर्दी कोणीहि करील. पडत्या वर्षीं कोण आलें तें बघा. मी या घरांत लग्न होऊन आलें तेव्हां कूळकायद्यानें कोंकणांतलें उत्पन्न गेलें होतें. भाताचीं पोतीं यावयाचीं बंद झालीं होतीं, आणि ओटीचें छप्पर गळत होतें. मला वाटलें होतें कीं आतां या घराला कोण विचारतो? पण गणपतीला सगळे चुलते, आत्या, लेकुरवाळ्या नणंदा झाडून आल्या. येतांना कोणीं तांदूळ आणले, कोणीं गूळ आणला. पंगतीला ताटें पुरेनात, तेव्हां केळीचीं पानें घेतलीं. त्या दिवशीं मला कळलें कीं हें घर मोठें आहे."

मातोश्रींची ही कसोटी घेऊन मी पुन्हा दप्तराकडे वळलों, आणि पाहतों तों सारा इतिहास निराळाच दिसूं लागला.

आधीं थोरल्याचा युनायटेड घ्या. हा संघ मुळांत १८७८ सालीं न्यूटन हीथ येथील रेल्वेच्या कामगारांनीं काढला. १९०२ सालीं तो दिवाळखोरीच्या दारांत उभा होता. एका मद्यउत्पादकानें त्याला हात दिला आणि तेव्हां त्याला आजचें नांव मिळालें. १९५८ सालच्या ६ फेब्रुवारीस म्यूनिक येथें झालेल्या विमान-अपघातांत तेवीस माणसें दगावलीं; त्यांत संघाचे आठ तरुण खेळाडू होते. दहा वर्षांनीं, १९६८ सालीं, त्याच संघानें युरोपचा चषक जिंकला. तरीहि खरी परीक्षा पुढेंच होती. १९७४ सालीं हा संघ दुसऱ्या श्रेणींत घसरला. आतां मैदान ओस पडेल असें कोणासहि वाटावें. परंतु त्या १९७४-७५ च्या हंगामांत सबंध इंग्लंडांत सर्वांत अधिक प्रेक्षक जमले ते याच दुसऱ्या श्रेणींतल्या संघाच्या मैदानावर, सामन्यामागें सरासरी अठ्ठेचाळीस हजारांहून अधिक!

थोरल्याची कळी खुलली. पण धाकट्यानें निराश होण्याचें कारण नव्हतें. त्याचा सिटी १९९८-९९ मध्यें तिसऱ्या श्रेणींत जाऊन पडला होता. अबू धाबीचा पैसा तेव्हां स्वप्नांतहि नव्हता. शेजारच्या युनायटेडनें त्याच वर्षीं लीग, चषक आणि युरोपचें विजेतेपद अशीं तिन्ही पदें मिळविलीं. तशा अपमानाच्या वर्षींहि सिटीच्या मैदानावर सरासरी अठ्ठावीस हजार माणसें येत होतीं. मीं धाकट्यास म्हटलें, "बाळ, तुझा संघ २००८ सालीं श्रीमंत झाला, पण मोठा तो त्यापूर्वींच होता. तुला अभिमान बाळगावयाचा असेल तर चषकांचा बाळगण्याआधीं त्या वर्षाचा बाळग."

या कसोटीचा सर्वांत स्वच्छ दाखला मात्र एका लहान संघाचा आहे. लंडनमधील विंबल्डनचा फुटबॉल-संघ तेथून उठवून दूरच्या मिल्टन कीन्स येथें नेण्यास २००२ सालीं परवानगी मिळाली. खेळाडू, करार आणि लीगमधील जागा सारें कांहीं मालकांबरोबर जावयाचें ठरलें. मागें राहिले ते नुसते प्रेक्षक. त्यांनीं काय करावें? त्यांनीं नवा क्लब स्थापन केला, गांवच्या मोकळ्या माळावर इच्छुक खेळाडूंची परीक्षा घेतली, आणि नवव्या श्रेणीपासून आरंभ करून २०११ सालीं लीगमध्यें पुन्हा प्रवेश मिळविला. वाडा आणि मिळकत दुसऱ्याकडे गेली, पण देवघर पोरांनीं उचलून आणलें, असाच हा प्रकार झाला. क्लब कोणाचा, या प्रश्नाला इतकें रोकडें उत्तर मला दुसरीकडे सांपडलें नाहीं.

येथवर आल्यावर धाकट्यानें असा एक प्रश्न विचारला कीं मला दप्तर मिटून ठेवावें लागलें. तो म्हणाला, "काका, मग आपल्या मुंबईचा मोठा क्लब कोणता?"

मुंबईला फुटबॉल नवा नाहीं. रोव्हर्स चषकाची स्पर्धा येथें १८९१ सालीं सुरू झाली. आरंभीं ती गोऱ्या पलटणींची मिरास होती. पलटणींबाहेरच्या हिंदी संघाला, बंगलोर मुस्लिम्सना, तो चषक प्रथम १९३७ सालीं मिळाला. कुपरेजच्या मैदानावर पुढें कितीएक वर्षें देशांतील उत्तम संघ खेळून गेले. मुंबईचे स्वतःचे संघ मात्र बहुधा कंपन्यांचे आणि गिरण्यांचे असत. टाटा, मफतलाल, ओर्के मिल्स, महिंद्रा, एअर इंडिया हीं नांवें जुन्या प्रेक्षकांना अजून आठवतील. या संघांनीं एक फार मोठें काम केलें. खेळाडूला नोकरी दिली. पाय मोडला तरी चूल विझणार नाहीं एवढी शाश्वती दिली. गरीब घरांतल्या मुलाला याहून अधिक काय हवें?

परंतु त्या बळांतच उणेंहि होतें. संघ कंपनीचा, म्हणून त्याचें आयुष्य कंपनीच्या हिशेबाच्या वहींत. माझे कैलासवासी थोरले बंधु एका गिरणीच्या संघाचे निस्सीम चाहते होते. पावसांत छत्री धरून ते कुपरेजला उभे राहत आणि रात्रीं भिजलेले जोडे चुलीपाशीं वाळत घालून आम्हां भावंडांना सामन्याचें वर्णन ऐकवीत. एके वर्षीं तो संघ बंद झाला. कोठें शोकसभा नाहीं, कोणाचें निवेदन नाहीं. पुढच्या हंगामाच्या यादींत नांव नव्हतें, एवढेंच. बंधूंनीं त्यानंतर कुपरेजची पायरी चढली नाहीं. या दोन मुलांचे वडील ते. मुलांच्या हातीं द्यावा असा संघच त्यांच्यापाशीं उरला नव्हता. आणि मला पुष्कळदां वाटतें कीं मुलें मँचेस्टरला गेलीं तीं त्या रिकाम्या जागेंतूनच.

हा अनुभव एकट्यादुकट्याचा नव्हे. महिंद्रांचा संघ १९६२ सालापासूनचा. महिंद्रा युनायटेड या नांवानें त्यानें २००५-०६ सालीं राष्ट्रीय लीग जिंकली. सबंध हिंदुस्थानांत पहिला! त्यानंतर चारच वर्षांनीं, २०१० सालीं, तो संघ विसर्जित झाला. विजेतेपद होतें, पैसा होता, उत्तम खेळाडू होते. नव्हते ते विंबल्डनसारखे वारसदार.

कलकत्त्याकडे पाहिलें म्हणजे हा फरक डोळ्यांत भरतो. मोहन बागान १८८९ सालचा; त्यानें १९११ सालीं, बहुतेक खेळाडू अनवाणी असतां, ईस्ट यॉर्कशायर पलटणीला हरवून आय. एफ. ए. शील्ड जिंकली. ईस्ट बंगाल १९२० सालचा. फाळणीनंतर पूर्व बंगालमधून उठून आलेल्या कुटुंबांना तो संघ म्हणजे गमावलेल्या गांवाची खूण वाटूं लागला. अशा संघावर नांव कोणत्याहि मालकाचें लागो, तो घराघरांतल्या वडीलधाऱ्यांचा असतो.

मुंबईकरांना अशी निष्ठा ठाऊकच नाहीं असें नव्हे. आपण ती क्रिकेटला दिली. दादर युनियन आणि शिवाजी पार्क जिमखाना यांची चुरस आठवणारे वाचक आपल्या ओळखींत निघतीलच. १९४८ सालीं सुरू झालेल्या कांगा लीगमध्यें भर पावसाळ्यांत, ओल्या खेळपट्टीवर, कसोटी खेळलेले गडीहि आपल्या क्लबासाठीं उतरत. माधव मंत्री दादर युनियनचे, आणि त्यांचे भाचे सुनील गावसकर हेहि दादर युनियनचेच. संपत्ति म्हणाल तर क्लबांची फारशी नव्हती. पण मामाकडून भाच्याकडे जाईल असें कांहीं तरी होतें. तें आजच्या दूरचित्रवाणीच्या झगमगाटांत पूर्वीइतकें राहिलेलें नाहीं, हेंहि कबूल केलें पाहिजे.

मग आपल्या उपनगरांत काय आहे? आपल्या अंधेरींतच आहे. मुंबई सिटी हा संघ २०१४ सालीं स्थापन झाला आणि दोन वर्षांनीं नव्या मुंबईहून अंधेरी पश्चिमेच्या शहाजी राजे भोसले क्रीडा संकुलांत खेळावयास आला. घाटकोपरकडच्या मंडळींनीं मेट्रोनें आझादनगरला उतरावें. आम्हां बोरिवलीकरांना लोकल आहेच. मैदान आटोपशीर आहे. सात हजारांच्या आसपास माणसें बसतात, आणि खेळाडूंची हांक प्रेक्षकांना ऐकूं येते. २०१९ सालीं धाकट्याच्या मँचेस्टर सिटीचे मालक असलेल्या समूहानेंच या संघाचा ६५ टक्के हिस्सा घेतला. २०२०-२१ सालीं मुंबई सिटीनें इंडियन सुपर लीग जिंकली. पण तो हंगाम महामारीचा. सारे सामने गोव्यांत, रिकाम्या बाकांपुढें झाले. शेवटच्या क्षणीं बिपिन सिंगनें मारलेला विजयी गोल पाहावयास मैदानांत मुंबईचा एकहि प्रेक्षक नव्हता. २०२२ सालीं रियाध येथें इराकच्या संघाला हरवून आशियाच्या चॅम्पियन्स लीगमध्यें सामना जिंकणारा हा पहिला भारतीय क्लब ठरला. २०२४ च्या मे महिन्यांत त्यानें कलकत्त्यास, मोहन बागानच्या साठ हजार पाठीराख्यांसमोर, पुन्हा लीगचें अंतिम विजेतेपद मिळविलें.

चषकांच्या मापानें हा संघ दहा वर्षांतच मोठा झाला. आणि मातोश्रींच्या मापानें? ती परीक्षा आतां आली आहे. २०२५ सालीं लीगच्या कारभारांतील घोळामुळें हंगाम ठरल्या वेळीं सुरूच होऊं शकला नाहीं, आणि वर्षअखेरीस मँचेस्टरच्या त्या समूहानें आपला हिस्सा सोडून दिला. संघ पुन्हा मूळच्या मालकांकडे राहिला. म्हणजे पडतें वर्ष दाराशीं येऊन उभें आहे. आतां कोण येतें तें पाहावयाचें.

मागें एका हिवाळ्यांत मी धाकट्याला अंधेरीच्या मैदानावर घेऊन गेलों होतों. एका बाजूस 'वेस्ट कोस्ट ब्रिगेड' या नांवानें जमणारे तरुण पाठीराखे सबंध वेळ उभे राहून ढोल वाजवीत, गात होते. आमच्या पुढच्या बाकावर एक गृहस्थ पांच-सहा वर्षांच्या मुलीला खांद्यावर घेऊन बसले होते. तिच्या अंगांत संघाचा आकाशी रंगाचा सदरा होता, आणि तो तिच्या गुडघ्यांखालीं लोंबत होता. "मोठाच घेतला," ते हंसून म्हणाले, "तीन-चार वर्षें तरी पुरेल."

हें मीं त्या रात्रीं मुलांना पुन्हा सांगितलें आणि निवाडा दिला तो असा : तुमचे दोन्ही संघ मोठे आहेत, कारण दोघांनींहि वाईट वर्षें पाहिलीं आणि दोघांचींहि माणसें घरीं गेलीं नाहींत. तुम्ही मात्र त्या माणसांत नव्हतां; तुम्ही पंगत वाढून झाल्यावर आलां. यांत लाज कांहीं नाहीं, पण तुमच्या वांट्याला एक पंगत अशी आली आहे कीं जिचीं पानें अजून मांडावयाचीं आहेत.

थोरला कांहीं बोलला नाहीं. धाकट्यानें विचारलें, "काका, पण तो संघ पुढेंहि राहील ना? कीं बाबांच्या संघासारखा..."

खोटा धीर देणें मला जमलें नाहीं. मीं म्हटलें, "तें मालकांच्या हातीं आहे. पण आपण गेलों नाहीं, तर तो गेल्याचें कोणाला कळणारहि नाहीं."

अंधेरींत पुढचा सामना केव्हां आहे, हें थोरल्यानें दुसऱ्या दिवशीं आपण होऊन शोधून काढलें. चार तिकिटें काढावयाचीं ठरलीं आहेत. चौथें कोणासाठीं, असें मीं विचारलें, तेव्हां मातोश्री वाती बाजूला ठेवून म्हणाल्या, "तेथें पायऱ्या फार आहेत का रे?"